सहा रेघांची मशाल: आखाजीच्या सुट्टीत खेळलेले दोन जुने-नवे खेळ

माझं अमळनेरला झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सातबाराच्या प्रती, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, असं दिवसभर चालतं. पुस्तक हाती आलं की माझी नजर आधी समासावर जाते, मग टाइपावर, आणि मजकुरावर सगळ्यात शेवटी. या दोन पुस्तकांच्या बाबतीत मात्र मजकुरानेच धरून ठेवलं. एक ‘बेसिक फँटसी रोल-प्लेइंग गेम’ आणि दुसरं ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’. पुस्तकं नव्याने लिहिलेली, पण खेळ जुना. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी माहेरी आल्या, सोबत त्यांची पोरं, आणि सलग अकरा दुपारी आम्ही हेच खेळलो. पहिल्या पाच दुपारी बेसिक फँटसी, पुढच्या सहा दुसरं.

हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. एक जण पंच होतो, त्याच्याकडे भुयाराचा नकाशा असतो. बाकीचे प्रत्येकी एक माणूस उभा करतात: लढवय्या, चोर, मांत्रिक, पुजारी. पंच सांगतो समोर काय दिसतंय, खेळणारे सांगतात आपण काय करतो, आणि जे होईल की नाही याची खात्री नाही तिथे फासे पडतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा बाजारात आणला. एका खोक्यात तीन पुस्तिका होत्या आणि पहिली आवृत्ती १००० प्रतींची. मग १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे आणि डेव्हिड कुक यांनी नवशिक्यांसाठी तोच खेळ दोन सोप्या, सुटसुटीत भागांत लिहिला. जुन्या खेळाडूंचा जीव त्या दोन भागांवर. पुढे खेळ वाढत गेला, जाडजूड झाला, मूळ कंपनी १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने घेतली आणि ती जुनी पुस्तकं छापली जाईनाशी झाली.

इथून पुढची गोष्ट माझ्या धंद्याशी जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुकानात रोज कुणीतरी पुस्तक घेऊन येतं आणि म्हणतं, पूर्ण झेरॉक्स करून द्या. मला नाही म्हणावं लागतं. पण त्या पुस्तकातलं गणित स्वतःच्या शब्दांत लिहून आणलं, तर मी ते आनंदाने छापून देतो. अमेरिकेच्या कायद्यातही तेच आहे. खेळाची पद्धत कुणाच्या मालकीची नसते; ती ज्या शब्दांत मांडली, त्या शब्दांची मालकी असते. शिवाय नव्या कंपनीने २००० साली खेळाच्या नियमांचा मोठा भाग एका खुल्या परवान्याखाली सगळ्यांना वापरायला दिला होता. या दोन गोष्टी जोडून २००६ मध्ये ‘ऑस्रिक’ आलं, जुने नियम नव्या शब्दांत. वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी ‘लॅबिरिन्थ लॉर्ड’ आणि ‘बेसिक फँटसी’, २००८ मध्ये ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’, आणि २०१९ मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांचं ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’. ज्यांना जुनं पुस्तक मिळत नव्हतं, त्यांनी ते पुन्हा लिहून काढलं. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

बेसिक फँटसी ख्रिस गॉनरमन यांचं. पीडीएफ फुकट, पूर्ण पुस्तक, काही हातचं राखून ठेवलेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत त्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा कंपनीचा मसुदा फुटला आणि जगभरचे खेळणारे भडकले. कंपनीने महिनाअखेर माघार घेतली. पण गॉनरमन आणि त्यांच्या साथीदारांनी तेवढ्यावर विसंबून न राहता जुन्या परवान्यातला मजकूर काढून टाकला, चौथी आवृत्ती तयार केली आणि ती क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडली. म्हणजे मी ती छापू शकतो, वाटू शकतो, मराठीतसुद्धा आणू शकतो. अट एवढीच की मूळ नाव द्यायचं आणि माझं कामही त्याच परवान्याखाली मोकळं ठेवायचं.

मी छापली. ए-फोर, पाठपोट, ७० जीएसएम, स्पायरल, वरून ट्रान्सपरंट शीट. आतली चित्रं काळ्या रेघांची आहेत, त्यामुळे साध्या मशीनवरही स्वच्छ उठतात. करड्या छटा असत्या तर निम्मी पानं काळवंडली असती. तीन प्रती काढल्या, कारण एकच प्रत चार पोरांमध्ये फिरली की तिचं काय होतं ते मला माहीत आहे.

फाशांचा घोळ झाला. या खेळाला ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे लागतात. ऑनलाइन मागवले, तर आलेल्या पाकिटात २० बाजूंचा फासाच नव्हता, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त लागतो. बदली यायला आठवडा गेला. तोवर घरातल्या हौजीच्या डब्यातले १ ते २० आकडे काढून स्टीलच्या तांब्यात टाकले आणि न बघता एक उचलायचा, असं ठरवलं. काम चाललं. नंतर वाचलं की १९७९ च्या सुमारास मूळ कंपनीकडेच फासे कमी पडले होते, तेव्हा खोक्यात फाशांऐवजी आकड्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे देत होते. तांब्याचा आवाज पोरांना इतका आवडला की फासे आल्यावरही धाकट्याने तांब्या सोडला नाही.

फासे बघून माय दारातून म्हणाली, “हाई काय शे रे? जुगार शे का?” आखाजीला आमच्याकडे पत्त्यांचे डाव बसतात, तिला ते मुळीच खपत नाही. पैसे नाहीत, भुयार आहे, असं सांगितल्यावर ती उंबऱ्यावर बसून ऐकू लागली. तिचा विषय पुढे येईल.

माणूस तयार करायचा म्हणजे तीन फासे टाकायचे, सहा वेळा, आणि येईल तो आकडा त्याच क्रमाने लिहायचा. आवडीचा आकडा आवडीच्या जागी हलवायचा नाही. सहा गुणांना आम्ही मराठी नावं दिली: ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा, छाप. नाव शोधताना पोरांनी घातलेला वाद मी कधी विसरणार नाही. ‘सेव्हिंग थ्रो’, म्हणजे विषातून, मंत्रातून वाचण्यासाठी टाकायचा फासा, त्याला धुळ्याच्या भाचीने ‘निभाव’ सुचवलं. निभाव लागला की वाचलात. याहून नेमका शब्द मला सुचला नसता. शत्रूच्या ‘मोराल’ला ‘धीर’. पहिला साथीदार पडला की धीर बघायचा, खचला तर शत्रू पळतो. आधुनिक खेळांत सगळे मरेपर्यंत लढतात, इथे तसं नाही, आणि खरं तर तेच पटतं.

जळगावच्या भाच्याला ताकद ६, काटकपणा ७ आणि बुद्धी १५ आली. त्याने मांत्रिक घेतला, नाव ठेवलं कवड्या. मांत्रिकाचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरतो. त्याला २ आले. मंत्र एक, तोही दिवसातून एकदा. भाची लढवय्यी, रणचंडी. माझी मुलगी चोर, टिटवी. आणि धाकटा भाचा बुटका झाला, म्हणजे गोष्टींतल्या बुटक्या लोकांपैकी एक, त्याचं नाव वांग्या, कारण त्या दिवशी जेवायला भरीत होतं.

आता दोन पुस्तकांतला फरक. बेसिक फँटसीत वंश वेगळा (माणूस, बुटका) आणि पेशा वेगळा, म्हणजे बुटका चोरही होऊ शकतो. ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स १९८१ चे नियम जसेच्या तसे मांडतं, त्यात बुटका हाच पेशा. तसंच चिलखताचं. जुन्या पद्धतीत आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम: चिलखत नसलं तर ९, पूर्ण लोखंडी असलं तर ३. हे पोरांना समजावताना माझी दुपार गेली असती. पण ओल्ड-स्कूलमध्ये प्रत्येक ठिकाणी शेजारी कंसात चढता आकडाही दिला आहे, तोच धरला. बेसिक फँटसीत मुळातच चढता आकडा आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्यांना मी तेच पुस्तक देईन.

ओल्ड-स्कूलचं पुस्तक मी विकत घेतलं, सगळे नियम एका खंडात असलेलं. पुण्याहून येताना मावसभावाने आणलं. फुकट छोटी आवृत्तीही आहे, सुरुवातीचा खेळ तिच्यावर चालतो. पण या पुस्तकाची मांडणी बघून मी दुकानात एका गिऱ्हाईकाला पाच मिनिटं थांबवून ठेवलं होतं. ए-फाइव्ह आकार. प्रत्येक विषय समोरासमोरच्या दोन पानांत संपतो. लांब परिच्छेद नाहीत. ठळक शब्द आणि त्यापुढे एक ओळ. दरवाजे उघडणं, अंधार, भटके राक्षस, पळून जाणं, सगळं उघडल्या पानावर नजरेत मावतं. खेळ ऐन रंगात असताना पान उलटायला लागत नाही, हे किती मोठं काम आहे ते वीस वर्षं पानं लावल्यावर कळतं. यातलं चोराचं एक पान बघितलं आणि मी आमच्या निमंत्रणपत्रिकांचे दोन नमुने बदलले. बेसिक फँटसीचा मजकूर मोकळा, दोन स्तंभांत, वाचायला गोड. पण खेळताना हवी ती ओळ शोधायला वेळ जातो. वाचायला ते, टेबलावर हे.

आणि आता मशाल. या खेळांचा जीव मला तिच्यात सापडला. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मोजायचा. दहा फूट लांब-रुंद जागा धुंडाळली, एक फेरी. ओल्ड-स्कूलच्या नियमाने (मी पहिल्या दिवसापासून तोच धरला) मशाल सहा फेऱ्या जळते. दर दोन फेऱ्यांनी पंचाने सहाचा फासा टाकायचा, १ पडला तर अंधारातून कुणीतरी येतं. मी एका फुकट गेलेल्या पत्रिकेच्या मागे रेघा मारायचो: पाच उभ्या, सहावी आडवी, मशाल संपली. पहिल्या दिवशी पोरांनी त्या कागदाकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येकाची नजर माझ्या पेन्सिलीवर. “मामा, आत्ताची फेरी मोजली का?” “मामा, ही पेटी उघडायला किती लागेल?” सहा मशाली एका सोन्याच्या नाण्याला मिळतात. सुरुवातीला सगळ्यांनी तलवारी घेतल्या होत्या. शेवटी शेवटी दोर, मशाली, तेल आणि दहा फुटी काठी.

काठीचं सांगतो. ओल्ड-स्कूलमध्ये पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या, चोराला खजिन्यावरचा सापळा सापडण्याची शक्यता १० टक्के. शंभरात दहा! माझी मुलगी चिडली, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. हे १९८१ पासून चालत आलेलं आहे आणि मला ते आजही खटकतं. बेसिक फँटसीत चोराचे आकडे थोडे बरे आहेत. पण मग तिने काठी हातात घेतली. “मी पुढची फरशी काठीने ठोकत जाते. आवाज बदलला तर सांग.” तिथे खड्डा होता, माझ्या नकाशात काढलेला. आवाज पोकळ आला, मी सांगितलं. फासा टाकायचं कारणच उरलं नाही. तिच्या कागदावर काय लिहिलंय ते मी विचारलं नाही, तिने काय विचार केला एवढंच बघितलं. मोबाइलवरच्या खेळात असलं काही होत नाही, तिथे बटण असेल तेवढंच करता येतं.

माझं भुयार पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याखाली होतं. पोरांनी तो पाहिलेला आहे, त्यामुळे खंदक, बुरूज सांगायला लागले नाहीत. किल्ला म्हटलं की खाली भुयार असल्याची गोष्ट आपल्याकडे असतेच; मी फक्त ते खरं धरलं. आत जायला एका कोरड्या विहिरीतून दोर सोडून उतरायचं. दुसऱ्या खोलीत चार गॉब्लिन भेटले. समोर कुणी आलं की ते लगेच अंगावर येईलच असं नाही. पंच सहाचे दोन फासे टाकून त्यांचा कल ठरवतो. ९ आले, म्हणजे फारसं वैर नाही. मी गॉब्लिनांना अहिराणी बोलायला लावलं: “कथा जाई राहिनात रे?” (कुठे चाललात रे?) पोरं हसली आणि तलवारी उपसायला निघाली, तेवढ्यात उंबऱ्यावरून माय म्हणाली, “भूक लागनी व्हई त्यास्ले, भाकर द्या.” रणचंडीने शिदोरी पुढे केली. त्या बदल्यात गॉब्लिनांनी डावीकडच्या दाराला हात लावू नका म्हणून सांगितलं. त्या दारामागे काय होतं ते मी अजून पोरांना सांगितलेलं नाही.

इथे हिशोबही बघा. ओल्ड-स्कूलमध्ये बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक अनुभव-गुण. एक गॉब्लिन मारला तर फक्त ५. दुसऱ्या पातळीला लढवय्याला २००० लागतात, चोराला १२००. म्हणून लढाई ही शेवटची वाट. डोकं चालवून माल बाहेर काढणं हे खरं काम. बेसिक फँटसीत धनाचे गुण देणं पंचाच्या मर्जीवर सोडलंय. माझं मत, ते द्यावेतच, नाहीतर पोरं परत मारामारीवर येतात. मोठे मेव्हणे जळगावला सराफाकडे कामाला आहेत. दहा नाणी म्हणजे एक पौंड वजन हे पुस्तकात वाचल्यावर त्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला: एक नाणं जवळजवळ चार तोळ्यांचं. मग मात्र तीनशे नाणी कोण, कशातून, किती वेगाने वाहून नेणार यावर ते स्वतः पोरांसोबत तासभर बसले.

चौथ्या दुपारी कवड्या गेला. मंत्र आधीच वापरलेला. तिसरी मशाल वांग्याच्या हातात, कागदावर पाच रेघा. परत फिरावं असं भाची म्हणत होती, भाच्याला अजून एक कोनाडा बघायचा होता. मी सहावी रेघ मारली. अंधार. मोठ्या उंदरांचा आवाज. तांब्यातून आकडा निघाला, चावा बसला, दोनची इजा. शून्याला मरण, दुसरी संधी नाही. भाचा दहा मिनिटं काही बोलला नाही. त्याच्या आईने मला आत बोलावून सांगितलं, अकरा वर्षांच्या पोराला असं रडवायचं नसतं. तिची बाजू मला कळते, आणि लहान मुलांसोबत खेळणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा. प्रत्येकाचा दुसरा माणूस तयार ठेवा, पाच मिनिटांत तो गोष्टीत येऊ द्या. नियम मात्र मी बदलला नाही, कारण पुढच्या दिवशी त्याच भाच्याने निघण्याआधी तेल मोजलं, मशाली मोजल्या, आणि परतीच्या वाटेसाठी दोन बाजूला काढल्या.

याच घराण्यातलं ‘शॅडोडार्क’ही एकदा करून पाहिलं, केल्सी डिऑन यांचं, २०२३ चं. त्यात मशाल घड्याळावरचा खरा एक तास जळते. कल्पना जबरदस्त आहे. पण आखाजीच्या घरात मांडे-आमरसासाठी हाक आली की उठावंच लागतं, आणि तेवढ्यात मशाल जळून जाते. चार मित्र रात्री निवांत बसणार असतील त्यांनी ते जरूर घ्यावं. आमच्यासारख्या भरल्या घराला पेन्सिलीच्या रेघाच बऱ्या.

अडचण एकच मोठी, इंग्रजी. भाची वाचते, धाकट्याला जमत नाही. मी बेसिक फँटसीवरून दोन पानांचा मराठी तक्ता केला: माणूस कसा तयार करायचा, फासे कधी टाकायचे, निभाव, धीर, मशाल. तो त्याच परवान्याखाली मोकळा ठेवलाय, मूळ नाव खाली छापलंय. राक्षसांचं प्रकरण पावसाळ्यात घेईन, दुकानात तेव्हा गर्दी कमी असते. पैसे खर्च न करता सुरुवात करायची असेल तर बेसिक फँटसी छापून घ्या. महिनाभर खेळल्यावर पंचासाठी ओल्ड-स्कूलचा खंड घ्या. पैसे वसूल होतात.

पोरं आपापल्या गावी गेली. परवा जळगावहून भाच्याचा फोन आला. शाळेचं, अभ्यासाचं काही नाही, थेट विचारलं, “मामा, आपण विहिरीत सोडलेला दोर अजून तिथेच आहे का?” मी नकाशा काढून बघितला. विहिरीजवळ पेन्सिलीने त्यानेच लिहिलं होतं: दोर, ५० फूट, बांधलेला. आहे, म्हटलं.